ग्वामच्या खासदाराला सभागृहात मत नाही, मग त्याला निवडायचं कशाला?

प्रश्न थोडक्यात असा. भाचा अमेरिकी नागरिक, बरीच वर्षं इलिनॉयमध्ये होता, आता नोकरीसाठी ग्वाम या पॅसिफिकमधल्या अमेरिकी ताब्यातल्या बेटावर स्थायिक झालाय. तिथे राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत त्याचं मत धरत नाहीत. प्रतिनिधिगृहावर जो माणूस निवडून पाठवायचा, त्याला वॉशिंग्टनमध्ये मताचा अधिकार नाही. "मग मी रांगेत उभं राहायचं कशाला?" असं तो मामांना विचारतो, आणि मामांनी तो प्रश्न माझ्याकडे पाठवलाय.

विधेयकांचे मसुदे वाचणं, त्यांच्यावर टिपणं काढणं, समित्यांचं कामकाज बघणं यातच माझी वॉशिंग्टनमधली नोकरीची वर्षं गेली. ग्वामसारख्या बेटांची विधेयकंही त्यात पुष्कळ आली. म्हणून उत्तर आधीच देऊन टाकतो: त्याने मत जरूर द्यावं, आणि इलिनॉयमध्ये देत होता त्यापेक्षा जास्त पारखून द्यावं. इलिनॉयचा एखादा खासदार निष्क्रिय निघाला तरी त्याचं मत पक्षाच्या गठ्ठ्यात मोजलं जातं आणि त्या राज्याचे बाकीचे खासदार, दोन सिनेटर असतातच. ग्वामचा एकच माणूस असतो. तो समितीत किती तयारीने बसतो, कोणत्या विधेयकात कोणता परिच्छेद घुसवतो आणि कोणाशी त्याचे संबंध आहेत, यावर बेटाचं भलंबुरं ठरतं.

आता हे प्रकरण मुळात काय आहे ते सांगतो. अमेरिकी प्रतिनिधिगृहात मताचा अधिकार असलेले ४३५ सदस्य असतात. त्यांच्याशिवाय सहा जण असे आहेत ज्यांना अंतिम मतदानात मत नाही: ग्वाम, अमेरिकन सामोआ, यूएस व्हर्जिन आयलंड्स, नॉर्दर्न मारियाना बेटं, राजधानी वॉशिंग्टन डीसी आणि पोर्तो रिको. पहिल्या पाच ठिकाणच्या प्रतिनिधीला डेलिगेट म्हणतात, मुदत दोन वर्षं. पोर्तो रिकोचा तो रेसिडेंट कमिशनर, आणि अख्ख्या प्रतिनिधिगृहात चार वर्षांची मुदत असलेला तो एकटाच. पगार सगळ्यांना इतर खासदारांइतकाच, वर्षाला १,७४,००० डॉलर. कार्यालय, कर्मचारी, लष्करी अकादम्यांसाठी मुलांची नावं सुचवण्याचा अधिकार, हे सगळं आहे. नाही ते फक्त मत.

याचं कारण राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदात आहे. प्रतिनिधिगृहाचे सदस्य 'राज्यांतल्या' लोकांनी निवडायचे, असं तिथे लिहिलंय. ग्वाम राज्य नाही, डीसीही राज्य नाही. २०२० च्या जनगणनेत ग्वामची लोकसंख्या १,५३,८३६ होती, पण पोर्तो रिकोची जवळजवळ ३३ लाख, आणि डीसीची ६,८९,५४५. वायोमिंग आणि व्हरमाँट ही दोन्ही राज्यं डीसीपेक्षा लहान आहेत, तरी त्या प्रत्येकाचे दोन सिनेटर आणि पूर्ण मताचा एक खासदार आहे.

भारतातून बघणाऱ्याला हे विचित्र वाटणारच. आपल्याकडे दिल्लीचे सात खासदार लोकसभेत बसतात आणि प्रत्येकाचं मत इतरांइतकंच मोजलं जातं. २०११ च्या जनगणनेनुसार लक्षद्वीपची लोकसंख्या ६५ हजारांच्या आत होती, तरी तिथल्या खासदाराचं मत मुंबईच्या खासदाराएवढंच. सभागृहात बोलता येतं पण मत देता येत नाही अशी जागा आपल्या राज्यघटनेतही आहे, अनुच्छेद ८८ मध्ये, महान्यायवादीसाठी. पण महान्यायवादी हा सरकारने नेमलेला कायद्याचा सल्लागार. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला आपण मतावाचून बसवत नाही.

अमेरिकेत ही पद्धत राज्यघटनेच्याही आधीची आहे. १७८७ च्या नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्समध्ये लिहिलं होतं की नव्या प्रदेशाच्या विधिमंडळाने एक डेलिगेट निवडून पाठवावा, त्याला चर्चेचा हक्क असेल, मतदानाचा नसेल. तेव्हाची कल्पना साधी होती. ओहायो नदीपलीकडे वस्ती वाढेल, प्रदेशाचं राज्य होईल आणि मग मत मिळेलच. तोवर आपलं गाऱ्हाणं मांडायला माणूस असावा. त्या वाटेने गेलेला विल्यम हेन्री हॅरिसन पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. डेलिगेट असताना १८०० साली त्याने सरकारी जमीन लहान तुकड्यांत आणि हप्त्यांवर विकण्याचा कायदा पुढे रेटला. मत नसलेला माणूस काय करू शकतो याचं ते पहिलं ठळक उदाहरण.

१८९८ च्या स्पेनबरोबरच्या युद्धानंतर हे गणित बिघडलं. पोर्तो रिको, ग्वाम, फिलिपिन्स अमेरिकेच्या ताब्यात आले, पण त्यांना राज्य करायचा इरादा नव्हता. १९०१ पासून सर्वोच्च न्यायालयाने 'इन्स्युलर केसेस' म्हणून ओळखले जाणारे निकाल दिले. हे प्रदेश अमेरिकेच्या मालकीचे आहेत, पण पूर्णपणे अमेरिकेचा भाग नाहीत, असा त्यांचा अर्थ. 'परक्या वंशांचे' लोक तिथे राहतात, अशी भाषाही त्यांत आहे. २०२२ मध्ये न्यायमूर्ती गॉर्सच यांनी या निकालांना कायद्यात जागा नाही असं लिहिलं, पण ते निकाल अजून रद्द झालेले नाहीत. म्हणजे जी व्यवस्था काही वर्षांसाठी म्हणून केली होती, ती या बेटांसाठी कायमची होऊन बसली. मला यातला खरा अन्याय तिथेच दिसतो. मत नाही याहीपेक्षा, ते कधी मिळणार हे कोणी सांगत नाही, ही गोष्ट मोठी आहे.

ग्वामला तर हा डेलिगेटही उशिरा मिळाला. १९५० च्या ऑरगॅनिक अ‍ॅक्टने तिथल्या लोकांना नागरिकत्व मिळालं, पण वॉशिंग्टनमध्ये कोणी नव्हतं. १९६० च्या दशकात बेटाने स्वतःच्या खर्चाने आपला 'वॉशिंग्टन प्रतिनिधी' निवडून पाठवायला सुरुवात केली. त्याला सभागृहात कसलाच दर्जा नव्हता. अँटोनियो वॉन पॅट हे ते पहिले. कार्यालयाकार्यालयांतून फिरून, सभासदांना भेटून त्यांनी पाया घातला, आणि १९७२ मध्ये ग्वाम आणि व्हर्जिन आयलंड्सला डेलिगेट देणारा कायदा झाला. १९७३ मध्ये वॉन पॅटच ग्वामचे पहिले डेलिगेट म्हणून आत गेले. सामोआला ही जागा १९८१ पासून मिळाली, मारियानाला थेट २००९ मध्ये.

निवडणुकीची पद्धत भाच्याला माहीत असायला हवी, कारण ती इलिनॉयपेक्षा वेगळी आहे. सगळं बेट मिळून एकच मतदारसंघ. ऑगस्टमध्ये पक्षांची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, होते. तिथे कोणत्या पक्षाचे सदस्य आहात हे कोणी विचारत नाही, पण एका पक्षाच्या रकान्यात खूण केली की सगळ्या पदांसाठी त्याच पक्षात राहायचं. दोन्हीकडे खुणा केल्या तर मत बाद. नोव्हेंबरात मुख्य निवडणूक. तिथे नुसती सर्वांत जास्त मतं पुरत नाहीत, निम्म्याहून जास्त लागतात. कोणालाच ती मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांमध्ये बरोबर चौदाव्या दिवशी पुन्हा मतदान. हे नुसतं कागदावर नाही. २०२० मध्ये मायकल सॅन निकोलस, रॉबर्ट अंडरवूड आणि विल कॅस्ट्रो अशी तिरंगी लढत झाली, ३ नोव्हेंबरला कोणीच निम्मा आकडा गाठला नाही, आणि १७ नोव्हेंबरला फेरमतदानात सॅन निकोलस निवडून आले. अशा दुसऱ्या फेरीला लोक कमी येतात, त्यामुळे जे येतात त्यांच्या मताचं वजन वाढतं.

ग्वामच्या मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांचीही नावं असतात. ती नुसती चाचणी आहे, तिच्यातून राष्ट्राध्यक्ष निवडणारा एकही इलेक्टर निवडला जात नाही. तरी लोक त्यावर खूण करतात आणि बेटाचं घड्याळ पुढे असल्यामुळे मुख्य भूमीआधी तिथला आकडा बाहेर येतो. आमचंही मत आहे, हे सांगायची ती एक रीत आहे आणि मला ती मनापासून योग्य वाटते.

डेलिगेट निवडून वॉशिंग्टनला गेला की पहिल्याच दिवशी त्याला आपली जागा कळते. सभापतीच्या निवडीसाठी सदस्यांची नावं एकेक करून पुकारतात, त्यात या सहांची नावं येत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये व्हर्जिन आयलंड्सच्या डेलिगेट स्टेसी प्लास्केट यांनी उभं राहून विचारलं की आमची नावं का पुकारली नाहीत. तुम्हाला मताचा अधिकार नाही एवढं उत्तर मिळालं, त्या पुढे बोलू लागल्या आणि त्यांचा माइक बंद झाला. याच प्लास्केट २०२१ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्यावरच्या दुसऱ्या महाभियोगात सिनेटसमोर बाजू मांडणाऱ्या चमूत होत्या. सभागृहात तो महाभियोग मंजूर करताना मात्र त्यांना मत देता आलं नव्हतं.

अधिकारांच्या सीमा नेमक्या कुठे आहेत? डेलिगेटला विधेयक मांडता येतं, सभागृहात बोलता येतं, दुरुस्त्या सुचवता येतात. समितीत तो पूर्ण सदस्य असतो. तिथे त्याचं मत इतरांइतकंच मोजलं जातं आणि ज्येष्ठतेप्रमाणे तो वर चढतो. व्हर्जिन आयलंड्सचे रॉन डी लुगो तर बेटांच्या प्रश्नांवरच्या उपसमितीचे अध्यक्ष झाले होते. बंद आहे ते अंतिम मतदान. समितीत अडकलेलं विधेयक सह्या गोळा करून बाहेर काढायची जी तरतूद आहे, त्या अर्जावरही त्याची सही चालत नाही.

मधली एक जागा आहे, तिच्यावरून मात्र सतत ओढाताण चालते. दुरुस्त्यांवर चर्चा करताना सगळं सभागृह एका मोठ्या समितीच्या रूपात बसतं. १९९३ मध्ये डेमोक्रॅट बहुमताने नियम केला की त्या समितीत डेलिगेटांनाही मत द्यावं. रिपब्लिकन सदस्य कोर्टात गेले. नियम टिकला, पण त्यात एक अट होतीच: डेलिगेटांच्या मतांमुळे निकाल फिरत असेल तर त्यांना वगळून लगेच पुन्हा मतदान घ्यायचं. म्हणजे तुमच्या मताने काही बदलत नसेल तोवरच ते मोजणार. आणि एवढाही हक्क सत्तेप्रमाणे येतो-जातो. १९९५ मध्ये गेला, २००७ मध्ये आला, २०११ मध्ये गेला, २०१९ मध्ये पुन्हा आला. सभागृहाचे नियम दर दोन वर्षांनी नव्याने मंजूर होतात, त्यामुळे या लोकांचा हक्क कोणाच्या तरी मर्जीवर राहतो.

आता मुख्य मुद्द्यावर येतो: असा माणूस मिळवतो काय? ग्वामच्या युद्धभरपाईची कथा जरा सविस्तर सांगतो, कारण हे काम कसं चालतं ते तिच्यात पुरतं दिसतं.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने ग्वाम घेतलं. जुलै १९४४ मध्ये अमेरिकी फौजा परत येईपर्यंत तिथल्या चामोरो लोकांनी सक्तमजुरी, मारहाण, बलात्कार, छावण्या आणि कत्तली सोसल्या. १९४५ मध्ये भरपाईचा एक कायदा झाला, पण मुदत अपुरी, रकमा तुटपुंज्या, आणि मृत्यूचे दावे थेट काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकी संसदेकडे, पाठवायचे. १९५१ च्या शांतता करारात अमेरिकेने जपानकडचे दावे सोडून दिले, त्यामुळे जपानकडे मागायचा रस्ताही बंद झाला. उरली अमेरिकेची संसद, आणि तिथे ग्वामचं मत शून्य.

एकामागून एक डेलिगेटांनी हा विषय धरून ठेवला. त्यांतले बेन ब्लाझ लहानपणी त्या जपानी ताब्याच्या काळातून स्वतः गेलेले, पुढे मरीन कोअरमध्ये ब्रिगेडियर जनरल झालेले. आज बेटावरचा मरीन तळ त्यांच्याच नावाने ओळखला जातो. अंडरवूड डेलिगेट असताना, २००२ मध्ये, या दाव्यांची फेरतपासणी करणारा आयोग नेमला गेला आणि २००४ मध्ये त्याने भरपाईची शिफारस केली. हे फार महत्त्वाचं काम होतं. मत नसलेल्या माणसाच्या हातात सरकारी शिक्क्याचा अहवाल असला की समोरच्याला तो नुसता बाजूला सारता येत नाही. नंतरच्या डेलिगेट मॅडेलिन बोर्डालो यांनी भरपाईचं विधेयक पुन्हा पुन्हा मांडलं. प्रतिनिधिगृहाने ते अनेकदा मंजूरही केलं. सिनेटमध्ये ते अडकायचं, आणि सिनेटमध्ये तर ग्वामचं बोलणाराही कोणी नाही.

शेवटी डिसेंबर २०१६ मध्ये ते झालं ते संरक्षण खात्याच्या वार्षिक अधिकारविधेयकाचा भाग म्हणून. ते विधेयक दरवर्षी मंजूर होतंच. बोर्डालो संरक्षण समितीवर होत्या. बेटाच्या पाव हिश्श्याहून जास्त जमीन लष्कराकडे असल्यामुळे ग्वामचा माणूस त्या समितीवर असणं सगळ्यांना पटतं. तिथून मिळालेल्या ओळखी आणि विश्वास या कामी आला. वाचलेल्यांना त्यांनी काय सोसलं त्यानुसार १०, १२ किंवा १५ हजार डॉलर, आणि मारल्या गेलेल्यांच्या वारसांना २५ हजार. पैसाही बेटाच्याच वाट्याच्या करातून वळवायचा, ही तडजोड त्यात करावी लागली. त्यानंतरही प्रत्यक्ष रक्कम हातात पडेना, ती वाट मोकळी करणारा वेगळा कायदा सॅन निकोलस यांनी जुलै २०२० मध्ये करून घेतला.

युद्ध संपल्यापासून हे पैसे मिळेपर्यंत पंचाहत्तर वर्षं गेली. बोर्डालो किंवा अंडरवूड यांच्यामागे दोन सिनेटर असते तर हे पुष्कळ आधी झालं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जे आधी गेले त्यांना काहीच मिळालं नाही. म्हणून 'बघा, मताशिवायही काम होतंच की' असं कोणी म्हणालं तर मला ते सहन होत नाही.

पैशाच्या रोजच्या प्रश्नांतही हेच दिसतं. गरिबांच्या आरोग्यसेवेच्या मेडिकेड योजनेत या बेटांना केंद्राच्या पैशावर वरची मर्यादा आहे, राज्यांना तशी नाही. केंद्राचा वाटा वर्षानुवर्षं ५५ टक्के होता. डिसेंबर २०२२ च्या खर्चविधेयकात तो ग्वाम आणि इतर छोट्या बेटांसाठी कायमचा ८३ टक्के झाला. पोर्तो रिकोला ७६ टक्के आणि तोही मुदतीपुरता. वृद्ध आणि अपंगांना मिळणारं एसएसआय हे केंद्राचं अर्थसाहाय्य मारियाना बेटांत लागू आहे, शेजारच्याच ग्वाममध्ये नाही. कोणत्या कायद्यात कोणत्या बेटाचं नाव लिहिलं गेलं आणि कोणाचं राहून गेलं, एवढ्यावर एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा महिना अवलंबून असतो. ते नाव लिहून घेणं हे डेलिगेटचं काम.

तुमच्या भाच्याला इलिनॉयचं मत गेल्याचं वाईट वाटतंय, त्याबद्दल कायदा सांगतो. तो इलिनॉयमधून उठून पुण्याला राहायला आला असता तर परदेशस्थ मतदार म्हणून टपालाने इलिनॉयच्या खासदारासाठी, सिनेटरसाठी आणि राष्ट्राध्यक्षासाठी मत देऊ शकला असता. ग्वाम मात्र या कायद्याच्या लेखी 'परदेश' नाही, म्हणून तिथे गेलेल्याला ते मिळत नाही. हा भेदभाव आहे असं म्हणत इलिनॉयहून या बेटांवर गेलेले काही जण, त्यांत माजी सैनिकही होते, कोर्टात गेले. २०१८ मध्ये सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयात ते हरले. तेव्हा तो रस्ता सध्या बंद आहे असं धरून चालावं. परत कुठल्या राज्यात कायमचा राहायला गेला तर सगळे हक्क परत येतील.

उमेदवार निवडताना माझ्या मते राष्ट्रीय वादांवर कोण किती जोरात बोलतो हे बाजूला ठेवावं, त्या वादांवर तो मत देणारच नाहीये. त्याला कोणती समिती हवी आहे ते विचारावं. संरक्षण आणि नैसर्गिक संसाधनं या दोन समित्या ग्वामसाठी जिवाभावाच्या आहेत, कारण प्रदेशांचा कारभार या दुसऱ्या समितीकडे येतो. सिनेटमध्ये तुमचं विधेयक कोण उचलेल, हेही विचारावं. या प्रश्नाला ज्याच्याकडे नाव घेऊन उत्तर नाही, त्याने तयारी केलेली नाही. दोन्ही पक्षांत त्याची ऊठबस आहे का ते बघावं, कारण बहुमत बदलत राहतं आणि डेलिगेटला कायम दुसऱ्यांच्या मतांवर जगायचं असतं. विद्यमान डेलिगेट उभा असेल तर त्याने मांडलेल्या विधेयकांची संख्या मोजण्यापेक्षा, दुसऱ्यांच्या मोठ्या विधेयकांत त्याचे किती परिच्छेद गेले ते त्याच्या कार्यालयाला विचारावं. खरं काम तिथे असतं.

आणि एक गोष्ट बाहेरून गेलेल्या माणसाने ध्यानात ठेवावी. चामोरो लोकांमध्ये या बेटाचं पुढे काय व्हावं, राज्य, स्वातंत्र्य की आणखी काही, यावर जुनी आणि खोल चर्चा चालू आहे. त्यात घाईने मत ठोकून देऊ नये. आधी ऐकावं.

शेवटी मामांसाठी. भाच्याचे मित्र, नातेवाईक इलिनॉयमध्ये असतीलच. त्यांच्याकडे पूर्ण मताचा खासदार आणि दोन सिनेटर आहेत. ग्वामचा डेलिगेट एखादं विधेयक मांडतो तेव्हा त्याला सह-प्रस्तावक लागतात, सिनेटमध्ये जोडविधेयक लागतं. भाच्याने विधेयकाचा क्रमांक कळवावा, आणि इलिनॉयच्या मंडळींनी आपल्या खासदाराच्या स्थानिक कार्यालयात फोन करून, नाव-पत्ता सांगून, त्यावर सही करा म्हणावं. अशा फोनांची तिथे नोंद होते. ग्वामसाठी फोन करणारा मतदार तिथे विरळा असतो, म्हणून तो फोन घेणाऱ्याच्या लक्षात राहतो.